बाबांचा सुयांचा डबा

बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी मी त्यांचा सुयांचा डबा रिकामा केला.

डबा प्रोटीन पावडरचा होता, पांढरा, जाड प्लॅस्टिकचा. झाकणाला तापवलेल्या सुरीनं बोटभर रुंद चीर पाडलेली. इन्सुलिन घेऊन झालं की सिरिंज त्या चिरेतून आत टाकायची. टोपण परत लावायचं नाही, कारण लावतानाच बोटाला टोचतं. डबा पाऊण भरला की झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळायची, तारीख घालायची आणि आरोग्य केंद्रात माधवी सिस्टरांकडे नेऊन द्यायचा. घरच्या कचऱ्यात सुई जाता कामा नये. बाबांना इन्सुलिन सुरू झाल्यापासून आमच्या घरात हा नियम होता आणि तो मोडल्याचं मला आठवत नाही.

बाबा, म्हणजे तानबा थूल, तालुक्याच्या एका दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं कक्षसेवक होते. बादल्या उचलणं, लादी पुसणं, पट्ट्यांचा कापूस गोळा करणं हे त्यांचं काम. ते लागले तेव्हा रंगीत पिशव्यांचा नियम नव्हता. सगळं एकाच पिंपात जायचं आणि पिंप दवाखान्यामागच्या खड्ड्यात. पुढे नियम आला तेव्हा डॉक्टरांच्या आधी तो बाबांनी पाठ केला. "पिवळ्यातलं जळते, लालातलं वितळते, पांढऱ्यातल्याचे तुकडे होते," असं ते नव्या लोकांना शिकवायचे. "अन जे कोन्याच पिशवीत गेलं नाई ते कोनाच्या तरी हातात जाते." निवृत्तीनंतर अल्लीपूरला घर बांधलं. ग्रामपंचायतीची घंटागाडी सुरू झाली तेव्हा गाडीवरच्या लोकांना शिकवायलाही तेच गेले.

प्रत्येक डब्यावर ते मार्करनं लिहायचे : सुया. हात लावू नये. खाली पूर्ण सही. मी एकदा हसले होते की सुयांच्या डब्यावर सही कशाला. ते म्हणाले, "सही म्हनजे हे माह्या घरचं आहे. काही झालं त मले विचारा."

शेवटचा डबा त्यांनी जायच्या दोन महिने आधी लिहिला. तोवर हात थरथरू लागला होता. 'सुया' नीट आलं, पुढची अक्षरं वर चढत गेली, 'नये' बसेना म्हणून ते डब्याच्या वळणावर गेलं आणि सही तर जवळजवळ मागच्या बाजूला. मी डबा धरून फिरवत होते आणि ते लिहीत होते. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही.

हिंगणघाटच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. माणूस गेल्यावर त्याचं अक्षर मागे राहतं, हे मी इतक्या ठिकाणी वाचलेलं आहे की त्याचा मला कंटाळा होता. तरीही त्या सोमवारी सकाळी खोली आवरताना डबा हातात आला आणि मला तो देववेना. सिस्टर तो तसाच आतल्या सुयांसकट पुढे पाठवणार, आणि कुठल्यातरी कारखान्यात त्याचे तुकडे होणार. फोटो काढता आला असता. ते सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं, पण मला डबाच हवा होता.

मी झाकण उघडलं. सुया वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीवर ओतल्या, पुरवणी गुंडाळली, किराणाच्या पिशवीत घालून तिला दोन गाठी मारल्या. आठ वाजता गाडी आली तेव्हा ती पिशवी मी सुक्या कचऱ्यात दिली. गाडीवरची नलू म्हणाली, "ताई, जेवली का नाई काल?" मी मान हलवली. तिनं पिशवी घेतली. मी आत जाऊन डबा धुतला, बाहेरची अक्षरं भिजू न देता.

दुपारी चार वाजता गाडी पुन्हा गल्लीत आली. ही तिची वेळ नव्हती. भोंग्यावर नेहमीचं गाणं नव्हतं, ड्रायव्हर गजेंद्रचा आवाज होता.

"माय-बहिनींनो, आइका! आज साडेअकरा वाजता कचरा निवडता निवडता आमच्या नलूबाईच्या बोटात सुई घुसली. कोन्या घरची आहे मालूम नाई. ज्यानं टाकली त्यानं त्या सुयाचं भरीत करून खावं, पन गाडीत टाकू नोका!"

बायका दारात आल्या. समोरच्या शोभाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे नोको पाहू रे गजेंद्र. आमच्या घरी कोनाले शुगर नाई. शुगर व्हाले घरात साखर त लागन!"

सगळ्या हसल्या. गजेंद्रनं भोंगा खाली घेतला. "हसा तुमी. बोट हे एवढं सुजलं तिचं."

"आज तानबाजी असते," शोभाबाई म्हणाल्या, "त घरोघर जाऊन तपासनी केली असती त्याईनं. होय ना वं, मेघा?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी खरोखरची माया होती.

"होय," मी म्हणाले.

गाडी पुढच्या गल्लीत गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी गावात कुणालाही माहीत नव्हती. बाबांना हिपॅटायटिस बी होता. दवाखान्यात असताना लादी पुसायच्या फडक्यात कुणीतरी टाकलेली सुई त्यांच्या तळहातात गेली होती. तेव्हा कुणी काही तपासलं नाही, त्यांनीही नाही. एकोणीस वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरात ते कळलं. मग हळूहळू लिव्हर गेलं, आणि शेवटी तेही त्याच्यानंच गेले. लोकांना आम्ही शुगर सांगितली. ती होतीच, त्यामुळे खोटंही बोलावं लागलं नाही.

लपवायचं आईनं ठरवलं. तिच्या सासऱ्याच्या काळात गावात आमच्या लोकांच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर, शिकून, नोकऱ्या करून, आमच्या ओट्यावर लोक चहाला बसू लागले होते. "आता पुन्हा कोनी कप बाजूले ठेवन, ते मले पाहावनार नाई," असं ती म्हणाली होती. बाबांनी ते ऐकलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी आम्ही तिचा शब्द पाळत होतो.

अशी सुई टोचली तर चोवीस तासांच्या आत इंजेक्शन घ्यावं लागतं. त्यानंतर घेतलं तर उपयोग कमी कमी होत जातो. हे मला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात लहान मुलांना पाढे यावेत तसं हे येत होतं. म्हणजे मंगळवारी साडेअकरापर्यंत वेळ होता. मी संध्याकाळी पुण्याला भावाला, अंकितला, फोन केला.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुझीच होती कशावरून? गावात अर्ध्या घरांत शुगर आहे."

"पुरवणीत गुंडाळून मीच टाकली."

"तिला टी. टी.चं इंजेक्शन दिलं असेल की पंचायतीनं."

"त्यानं काय होणार आहे?"

"हे बघ. रविवारी बाबांचं पुण्यानुमोदन आहे. अडीचशे पानं सांगितलीत. तू आता हे सांगितलंस तर आपल्याकडे जेवेल कोण? एवढी वर्षं सांभाळलं आणि आता, ते गेल्यावर? रविवार होऊ दे. सोमवारी मी स्वतः तिला घेऊन जातो. सात दिवस चालतं ना?"

"चोवीस तास."

"सात दिवसांपर्यंत देतात. मी बघितलंय आत्ता."

त्यानं फोनवर बोलता बोलता शोधलं होतं, आणि ते बरोबरही होतं. मला तेवढंच हवं होतं. फोन ठेवून मी डबा कोरडा झाला का ते पाहिलं.

मंगळवारी सकाळी आठला गाडी आली. नलूच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी होती. शोभाबाईंची पिशवी तिनं लोखंडी चिमट्यानं उचलली, त्यांच्या शेजारच्यांचीही. ती नेहमी असंच करायची. माझी पिशवी मात्र रोज हातानं घ्यायची. त्या दिवशी माझ्यासमोर येऊन ती क्षणभर थांबली, चिमटा पुढे केला आणि माझ्या हातातली पिशवी चिमट्यानं घेतली.

म्हणजे तिला माहीत होतं.

त्यानंतर साडेअकरा व्हायला साडेतीन तास होते. ते मी कसे काढले हे मला तपशिलानं आठवतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी रविवारच्या पत्रिकेवरची नावं तपासली. एक चूक होती, ती सुधारली. घड्याळात साडेअकरा वाजलेले मी पाहिले. त्यानंतर मला थोडं बरं वाटलं, जसं एसटी निघून गेल्यावर धावणं थांबवता येतं. स्वतःबद्दल मला कळलेली सर्वांत वाईट गोष्ट ती आहे.

दुपारी अडीचला मी नलूच्या घरी गेले. घर टाकीच्या मागे, दोन खोल्यांचं. ती ओसरीत सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती, दुखरं बोट ताठ वर धरून.

"ये ना ताई. बस. पानी आनू का?"

"नलूताई, ते सुई आमच्या घरची होती."

"मालूम आहे मले." तिचं सूप थांबलं नाही. "दोन गाठी मारून पिशवी कोन देते गावात? अन ते रंगीत पेपर तुमच्याच घरी येते."

"मग गजेंद्रले काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? मानूस जाऊन चार दिवस नाई झाले, अन त्याच्या नावानं भोंगा वाजवू का गावात?" तिनं एक खडा वेचून अंगणात फेकला. "माहीच चूक आहे म्हना ना. बाकीच्यायच्या पिशव्या मी हातमोजे घालून चिमट्यानं फोडतो. तुमची पिशवी आली की मोजे काढून ठेवतो, तेवढाच हाताले वारा. काकाजीच्या घरचा कचरा म्हनजे धुतल्या ताटावानी साफ. सवय झालती."

मी ओसरीच्या कडेला बसले.

"जाऊ दे वं. बाप गेला तुहा. डोकं ठिकान्यावर राह्यते का मानसाचं? चहा ठेवतो."

ती उठायला लागली. चहा घेऊन मला घरी जाता आलं असतं. मी चूक कबूल केली होती, तिनं ती सोडून दिली होती. सगळं नीट झालं होतं, फक्त तिला जे कळायला हवं होतं तेच राहिलं होतं.

"थांब," मी म्हणाले. "बाबाले नुसती शुगर नव्हती. हिपॅटायटिस होता. बी."

नलू अर्धी उठलेली तशीच राहिली. मग खाली बसली.

"काकाजीले?"

"हो."

"कवापासून?"

"एकोणीस वर्षं."

तिनं बोटाची चिंधी सोडली, बोट पाहिलं, पुन्हा गुंडाळली.

"एवढे दिवस मी तुमच्याकडे चहा पेली."

"चहानं नाही होत, नलूताई—"

"ते मले नोको शिकवू!" ती पहिल्यांदा ओरडली. "मालूम आहे मले. चहानं नाई होत, संग जेवल्यानं नाई होत, सुईनं होते. काकाजीनंच शिकवलं आमाले, पंचायतीच्या हॉलमधी, फळ्यावर लिहून. सगळं सांगतलं त्याईनं. आपलंच नाई सांगतलं." मग हळू आवाजात : "काल भोंगा वाजला तवा तुले मालूम होतं?"

"हो."

"अन सकाळी?"

"हो."

"चोवीस घंटे म्हनत होते काकाजी. किती झाले?"

"सत्तावीस."

तिनं सूप बाजूला ठेवलं. डाळ सांडली, ती तिनं उचलली नाही. खुंटीवरची ओढणी घेतली आणि म्हणाली, "चाल. एसटी आहे पावने तीनची."

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला साडेचार झाले. रस्त्यात ती माझ्या शेजारी बसली नाही, दोन सीट पुढे बसली. तरुण डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद पुढे ओढला. सुई कधी टोचली, कुठे, किती खोल. मग त्यांनी विचारलं, "सुई कुठून आली, माहीत आहे का? बहुतेक वेळा माहीत नसतं."

नलूनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीवरच्या रंगीत पिशव्यांच्या तक्त्याकडे पाहत होती.

"माहीत आहे," मी म्हणाले. "माझ्या वडिलांची. त्यांना हिपॅटायटिस बी होता. मी ती कचऱ्यात टाकली."

बाईंनी लिहून घेतलं. वडिलांचं नाव विचारलं, मी पूर्ण नाव सांगितलं. ते नाव त्या आजाराबरोबर आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यानं उच्चारलं. त्या म्हणाल्या, "काल आला असता तर जास्त बरं झालं असतं. पण देऊ या. एक इंजेक्शन आज, त्यासोबत लशीचा पहिला डोस, मग एका महिन्यानं, मग सहा महिन्यांनी. रक्त आज तपासू, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. तेव्हा नक्की कळेल."

"सहा महिने?" नलू म्हणाली.

"हो."

"तवरोक काय करू?"

"काही नाही. नेहमीसारखं राहा."

नलू हसली. त्या हसण्याला आवाज नव्हता.

रविवारी अडीचशेतली सव्वाशे माणसं आली. नलूनं गावात काही सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, सुईचं आणि आजाराचंही, शोभाबाईंना, बुधवारी, त्यांच्या दारात उभं राहून. "होय ना वं, मेघा" याचं खरं उत्तर त्यांना द्यायचं राहिलं होतं. त्यांना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. अंकित माझ्याशी बोलत नव्हता. भन्तेजींनी वंदना घेतली, लोक फुलं वाहून गेले. काहींना अचानक हिंगणघाटला काम निघालं. भाताचं मोठं पातेलं तसंच उरलं. शोभाबाई जेवायला बसल्या, पण पाण्याची बाटली घरून आणली होती. आईला जे पाहवणार नव्हतं ते मी पाहिलं. नलू आली नाही.

महिन्यानं दुसऱ्या डोसाला मी तिच्या दारात गेले. येईल असं वाटलं नव्हतं. ती तयार होऊन बसली होती. एसटीत या वेळी शेजारी बसली. सोनेगाव मागे पडल्यावर म्हणाली, "एक विचारू का? तुमच्या घरी त डबा राह्यते. मंग पिशवीत काऊन टाकल्या?"

मी सांगितलं. डबा ठेवून घ्यायचा होता, म्हणून सुया काढल्या.

"डब्यासाठी?"

"त्याच्यावर बाबांचं अक्षर आहे."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. शेतांत कापूस वेचणाऱ्या बायका होत्या, पाठीला ओटी बांधून.

"आहे का तो अजून?"

"आहे."

"मले दे. गाडीले बांधतो. गजेंद्र भोंग्यावर सांगन, ज्याच्या घरी सुया निघते त्यानं यात आनून टाका म्हनून."

"भरला की तो द्यावा लागेल, नलूताई. सुयांसकट."

"मंग?" ती म्हणाली. "त्याच्यासाठीच त आहे तो."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी डबा तिच्या हातात दिला. तिनं तो हातानं घेतला आणि तारेनं गाडीच्या मागच्या दांडीला बांधला. रोज सकाळी तो माझ्या दारासमोरून जायचा. पहिल्या आठवड्यात त्यात एकही सुई पडली नाही. नंतर एका बाईनं पदराआड लपवून आणल्या. मग टाकीजवळच्या गुरुजींनी उघडपणे आणल्या. उन्हानं मार्करचा काळा रंग आधी तपकिरी झाला, मग 'सुया' फिकट झालं. वळणावरचं 'नये' सावलीत असायचं, ते टिकलं.

परवा गजेंद्रनं हाक मारली, "मॅडम, तुमचा डबा फुल होऊन राह्यला!" पाऊण भरला होता. मी झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली, तारीख घातली आणि आरोग्य केंद्रात नेऊन दिला. माधवी सिस्टरांनी तो हातात फिरवून सही पाहिली. "ठेवायचा होता का तुला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी तो आतल्या खोलीत नेला.

आज सकाळी नलूनं दुसरा डबा आणला, कुठल्याशा फिनाइलचा, पण जाड आहे. झाकणाला चीर तिनंच पाडली होती, थोडी वाकडी. "लिही," ती म्हणाली.

मी ओट्यावर बसून लिहिलं : सुया. हात लावू नये. तिनं डबा धरून ठेवला होता, तिच्या बोटावर आता काही खूण नाही. लिहून झाल्यावर मी मार्कर बंद केला.

"सही?" ती म्हणाली. "काकाजी करत होते."

तिसरा डोस आणि रक्ताची तपासणी येत्या मंगळवारी आहे. पावणेतीनची एसटी पकडायचं ठरलं आहे. मी टोपण काढलं आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, मेघा तानबा थूल. नलूनं ते वाचलं, डबा दांडीला बांधला आणि गजेंद्रला म्हणाली, "चाल."